क्रेनवरचा खंडेराव

तारापूरच्या किनाऱ्यावर वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, तेव्हा तिथे देशभरातला माणूस आला होता. पंजाबी वेल्डर होते, मद्रासकडचे फिटर होते, घाटावरून आलेले तर किती होते त्याला गणतीच नव्हती. पण यातला सगळ्यात कसबी माणूस कोण, असं नागोरावला कोणी विचारलं असतं, तर त्याने तोंडातली विडी न काढता वर बोट केलं असतं. वर म्हणजे डेरिक क्रेनच्या केबिनीत. तिथे खंडेराव बसायचा.

नागोराव एका ठेकेदाराकडे खलाशांच्या टोळीचा मुकादम होता. खलाशी म्हणजे दर्यावर जाणारे नव्हेत. जड लोखंडी सामान साखळदंडांनी आवळून क्रेनच्या हुकाला अडकवणारे आणि ते जागेवर बसेपर्यंत दोर धरून त्याच्याबरोबर चालणारे गडी, त्यांना बांधकामावर खलाशी म्हणत. वजन हवेत लोंबकळत असतं आणि खाली हे उभे असतात. त्यांचा जीव वर बसलेल्याच्या हातात असतो. म्हणून खलाशी क्रेनवाल्याला दोनच तऱ्हांनी ओळखतात : ज्याच्याखाली उभं राहता येतं तो, आणि ज्याच्याखाली येत नाही तो. खंडेरावच्या क्रेनखाली नागोरावचे गडी तंबाखू मळत उभे राहायचे.

नागोराव मूळचा परभणीकडचा आणि खंडेराव पाटणजवळच्या एका वाडीतला. दोघांची गाठ कोयनेच्या धरणावर पडली. तिथलं काम आवरत आलं तेव्हा नागोराव आधी इकडे आला आणि मग ओगले साहेबांच्या मागे लागून त्याने खंडेरावला बोलावून घेतलं. ओगले साहेब ठेकेदाराचे मोठे इंजिनिअर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात खंडेरावला एक लांबलचक पाइप दोन भिंतींच्या फटीतून उतरवताना पाहिलं आणि नागोरावच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर कुठलंही अडचणीचं वजन आलं, की ते खंडेरावच्या वाट्याला जायचं. कोणी आजारी पडलं तर त्याची पाळी खंडेराव करायचा. नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं आणि त्याला विचारायचीही कोणाला सवय राहिली नव्हती.

त्याची आई साखरबाई आणि बायको उषा अजून कोयनानगरलाच होत्या. किनाऱ्यावरच्या जवळच्याच नवापूरला नवशा आणि जमना या मासेमारी करणाऱ्या जोडप्याच्या घराची एक खोली खंडेरावने भाड्याने घेतली होती. सुटीच्या दिवशी त्याने ती चुन्याने रंगवली, उषाच्या भांड्यांसाठी भिंतीत फळी ठोकली. संक्रांत झाली की दोघींना घेऊन यायचं ठरलं होतं.

सदुसष्टच्या डिसेंबरात एका पहाटे जमीन हादरली. नागोराव राहायचा त्या बोईसरला फळीवरची भांडी वाजली, कुत्री भुंकली, माणसं दारात येऊन उभी राहिली आणि उजाडल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. कुठे काय झालं ते दुपारी कळलं. नागोराव चहाच्या टपरीवर होता. तिथल्या रेडिओने कोयनानगरचं नाव घेतलं, घरं जमीनदोस्त झाल्याचं सांगितलं आणि पुढचं ऐकायला नागोराव थांबलाच नाही. धावत कामावर आला तर क्रेनच्या हुकाला पाइपात बसवायची एक अजस्र लोखंडी झडप लटकत होती. त्याने शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. झडप खाली येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. खंडेरावने ती नेहमीसारखी अलगद ठेवली, एवढीशी धूळ उडाली नाही. मग नागोराव शिडीने वर गेला आणि त्याने सांगितलं.

खंडेराव कोयनानगरला पोचला तोवर सगळं होऊन गेलं होतं. दगडमातीच्या चाळीखालून लोकांनी दोघींना काढलं होतं, अग्नीही दिला होता. त्याच्या हाती काही भांडी आणि एक पत्र्याची पेटी आली. ती भांडी आणि पेटी त्याने तिथेच कोणाला तरी देऊन टाकली. दिवसकार्य उरकून तो परत आला तेव्हा नागोराव त्याला आणायला बोईसर स्टेशनवर गेला होता. खंडेरावने डोकं भादरलेलं होतं, हातात काहीच सामान नव्हतं. तो म्हणाला, "दादा, उद्यापासनं येतो."

आणि खरोखरच आला. पहिले काही आठवडे त्याने असं काम केलं, की जुने गडीही तोंडात बोटं घालायला लागले. जेवायच्या सुट्टीतही तो खाली उतरायचा नाही. साहेब चारचौघांत म्हणाले, की दुःख कसं गिळावं ते या माणसाकडून शिका. नागोरावलाही हायसं वाटलं. माणूस कामात आहे म्हणजे सावरतो आहे, असंच तो धरून चालला. खरं तर त्याच्या टोळीचं नाव खंडेरावमुळे होतं आणि ते टिकल्याचाही आनंद त्या हायसं वाटण्यात होता. पण तेवढं खोलात जाऊन बघायला त्याला तेव्हा सवड नव्हती.

पहिल्यांदा त्याला हटकलं ते जमनाने. बोईसरच्या बाजारात ती सुके बोंबील घेऊन बसायची. नागोराव तिथून जात होता, तर तिने हाक मारली. "मुकादम, तुमचा मानूस घरात निजत नाय. थंडीचा बाहेर वाळूत पडतो. आमी सांगून दमलो. तुमी तरी बघा."

नागोराव त्याच संध्याकाळी सायकल मारत नवापूरला गेला. बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली खंडेराव घोंगडी पांघरून बसला होता. खोलीला बाहेरून कडी होती. आत का निजत नाहीस, असं नागोरावने विचारलं, तर आत उकडतं म्हणाला. जानेवारीतला वारा समुद्रावरून येत होता आणि बोलताना त्याचे दात वाजत होते. नागोरावला ते दिसलं. पण यापुढे काय विचारायचं असतं ते त्याला सुचेना. त्याने विडी पेटवून दिली, कामावरच्या चार गोष्टी सांगितल्या आणि तो परत फिरला.

मग फेब्रुवारीत एक दिवस वजन हवेतच थांबलं. खाली खलाशी हात हलवून खुणा करताहेत, नागोराव शिट्टी फुंकतोय, आणि क्रेन ढिम्म. बऱ्याच वेळाने ते वजन हळूहळू खाली आलं. नागोराव वर गेला तेव्हा खंडेरावचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ब्रेक तापला होता, असं तो म्हणाला. ब्रेक गार होता, नागोरावने स्वतः हात लावून पाहिला. पण साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानेही ब्रेकचंच नाव घेतलं.

असं आणखी एकदोनदा झालं. प्रत्येक वेळी नागोरावने काहीतरी कारण पुढे केलं. एकदा वाऱ्याचं, एकदा दोराचं. आपण आपल्या माणसाला सांभाळून घेतो आहोत असं त्याला वाटत होतं. एका सकाळी मात्र तो साहेबांकडे गेला आणि खंडेरावला थोडे दिवस विश्रांती द्या म्हणाला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार केला, पण मोठे पाइप बसवायचं काम तोंडावर आलं होतं, दुसऱ्या क्रेनवरचा माणूस नवखा होता. एवढं उरकू दे, मग महिनाभर जाऊ दे त्याला, असं ते म्हणाले. नागोरावने हे खंडेरावला सांगितलं तर तो उलट त्याच्यावरच उखडला. "मला बसवून ठेवू नका. रिकामा बसलो की जास्तच होतंय."

काय जास्त होतंय, हे नागोरावने तेव्हाही विचारलं नाही.

ते विचारलं रखमाबाईने. रखमाबाई म्हणजे नागोरावची बायको. खंडेराव धड जेवत नाही म्हणून नागोराव त्याला अधूनमधून बोईसरला घरी घेऊन यायला लागला होता. त्या रविवारी दुपारी तिने भाकरी आणि आमटी वाढली. खंडेरावच्या ताटाशेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला होता. तो घास मोडायचा, पेल्याकडे बघायचा, पुन्हा घास मोडायचा. रखमाबाईने थोडा वेळ पाहिलं आणि सरळ विचारलं, "भाऊजी, पाण्यात काय बघताय?"

"हालतंय का ते बघतोय, वहिनी."

तो अगदी साधेपणाने म्हणाला. मग बोलतच राहिला. जमीन हलते आहे असं त्याला सारखं वाटायचं. बसला की हलते, भिंतीला टेकला की भिंत हलते. खोलीत पडलं की वरची कौलं आता येतील असं वाटतं. क्रेनवर तर काही कळतच नाही, कारण क्रेन थोडी हलतेच; मग ही हलली ती क्रेन की जमीन, हे ओळखता ओळखता हात थांबतात. पाणी मात्र खोटं बोलत नाही. म्हणून केबिनीतही तो पाण्याची बाटली समोर ठेवायचा. हे कोणाला सांगणार? ज्याला जमीन हलताना दिसते त्याला क्रेनवर कोण बसवेल? आणि क्रेन गेली तर मग राहिलंच काय.

रखमाबाईने पदराने डोळे टिपले आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली. खंडेराव गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना उद्यापासून वर चढू देऊ नका."

नागोरावलाही ते पटत होतं. पण दुसऱ्याच दिवशी सगळ्यात मोठा पाइप उचलायचा होता. साहेबांचे वरचे साहेब बघायला येणार होते. एवढा एक होऊ दे, दुपारीच साहेबांना सगळं सांगतो, असं त्याने बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही. सकाळी खंडेराव शिडी चढायला लागला तेव्हा त्याने फक्त विचारलं, "बरा हायस ना?" खंडेराव म्हणाला, "व्हय." अशा प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच.

पाइप छान वर गेला. वळला. खाली येऊ लागला. पुंजाराम नावाचा खलाशी, टोळीतला सगळ्यात जुना गडी, दोर धरून पाइप आणि सिमेंटच्या खांबाच्या मधल्या जागेत उभा होता. ती जागा धोक्याची होती, पण वर खंडेराव आहे म्हटल्यावर कोणी ती जागा टाळायचं नाही. पाइप गुडघ्याइतक्या उंचीवर आला आणि क्रेनला एक हिसका बसला. वर खंडेरावने एकाएकी ब्रेक दाबला होता. पाइप लंबकासारखा झुलला आणि खांबावर आपटला. आपटल्याचा आवाज भलताच मऊ आला, कारण मधे पुंजारामचा पाय होता.

पुंजारामला गाडीत घालून पालघरला नेलं. तिथून मुंबईला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नागोराव त्या दिवशी वर चढला तेव्हा खंडेराव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. बाटली खाली पडून पाणी केबिनभर झालं होतं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ता खरंच हालली, दादा. आत्ता खरंच हालली." नागोरावने त्याला कमरेला धरून एकेक पायरी उतरवलं. खाली उभ्या असलेल्या गड्यांपैकी कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चौकशीच्या वेळी ओगले साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि नागोरावला विचारलं, की तुला हे ठाऊक होतं का. नागोराव हो म्हणाला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. पाइपांचं काम अर्ध्यावर होतं आणि टोळी दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हती, म्हणून नागोराव वाचला. खंडेरावला घरी पाठवायचंच ठरत होतं. त्याला निदान जमिनीवरचं काहीतरी काम द्या, अशी नागोरावने हातापाया पडून विनवणी केली, तेव्हा त्याला सामानाच्या आवारात टाकलं. तिथे साखळ्यांना ग्रीस लावायचं, गंजलेले हूक घासायचे. ते काम म्हातारे गडी करत.

पूर्वी जाता-येता खंडेरावला रामराम घालणारे लोक आता त्या आवाराला वळसा घालून जात. एक-दोघं वाईटसाईट बोलले. बाकीचे काहीच बोलले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. नागोराव रोज दुपारी त्याच्याशेजारी भाकरी खायला बसायचा. पण तो बसला की खंडेराव पुंजारामचं काय झालं एवढंच विचारायचा, आणि नागोराव बरा आहे म्हणून खोटं सांगायचा. वैशाखात एके दिवशी आवारातली साखळी अर्धवट पुसलेली सापडली. खंडेराव त्यानंतर कामावर आला नाही. ठेकेदाराने त्याची वाट बघितली नाही.

तो कुठे गेला नव्हता. नवापूरलाच होता. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा नवशाच्या शेजारी बसून तो जाळी दुरुस्त करायला शिकला. नारळी पौर्णिमेनंतर नवशाच्या होडीवर एक हात कमी पडत होता, तर नवशाने त्याला बरोबर घेतलं. हे सगळं जमनाकडून नागोरावला बाजारात कळायचं. तो मुद्दाम जायचा नाही. गेलो तर काय तोंडाने बोलू, असं त्याला व्हायचं.

दिवाळी झाल्यावर ओगले साहेबांनी नागोरावला बोलावलं. एक प्रचंड टाकी छताच्या भोकातून आत उतरवायची होती, चारी बाजूंना जेमतेम हातभर जागा. खंडेरावच्या जागी आलेल्या दोघांना ते जमण्यासारखं नव्हतं. एकाने नुकतीच अर्धी परांची पाडली होती. साहेब जरा चाचरत म्हणाले, "तो इथेच कुठे जवळपास असतो ना? एका दिवसापुरता ये म्हणावं. डॉक्टर खाली उभा ठेवू. हवं तर तू वर त्याच्याशेजारी बस. एवढ्या मोलाच्या माणसाला असं वाया जाऊ द्यायचं का? त्यालाही बरं वाटेल, बघ तू."

साहेब मनापासून बोलत होते. नागोरावला ते कळलं, आणि त्यामुळेच त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने सायकल काढली.

नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटी लागत होती. नवशाची होडी अजून पाण्यात होती, नांगरलेली, आणि खंडेराव तिच्या काठावर बसून जाळ्यातला कचरा वेचत होता. काळाठिक्कर पडला होता, गालफडं वर आली होती. नागोराव धोतर वर खोचून मांडीएवढ्या पाण्यातून चालत गेला आणि होडीत चढला. होडी कलली, पुन्हा सरळ झाली. खंडेरावने काठ धरला नाही.

 मग खंडेरावने नेहमीचाच प्रश्न विचारला.

"पुंजाराम कसा हाय?"

या वेळी नागोरावने खरं सांगितलं. पाय काढला. कुबडी घेऊन गावी गेला. बायको दुसऱ्यांच्या शेतात जाते. खंडेरावचे हात थांबले. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग परत जाळ्यातली काडी ओढली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तुम्ही सांगत नव्हता म्हंजे असंच असणार."

"इथं बरं वाटतं का?"

"बरं काय. घरात निजत न्हाय अजून. रातचं उठून बसतो." तो थांबला. होडी खालून हलकेच वर उचलली गेली आणि खाली बसली. "पण हितं हालतंय ते हालणारच हाय, दादा. वाट बघावी लागत न्हाय."

 नागोरावला टाकी दिसली, छताचं ते भोक दिसलं, केबिनीची शिडी दिसली. आपण एक शब्द बोललो तर हा माणूस उद्या ती शिडी चढेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खंडेरावला नाही म्हणता येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं.

"तुम्ही कशाला आला होता?" खंडेरावने विचारलं.

"सहज."

खंडेरावने त्याच्याकडे बघितलं. सहज यायला नागोरावने इतके महिने लावले नसते, हे त्यालाही कळत असणार.  पण त्याने जाळं गुंडाळलं आणि दोघं पाण्यातून चालत किनाऱ्याला आले. जमनाने रखमाबाईसाठी सुकटीची पुडी बांधून दिली, आणि जेवून जा म्हणून आग्रह केला. नागोराव थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, तो काय म्हणाला. नागोराव म्हणाला, "मी विचारलंच नाही, साहेब."

 साहेबांनी हाताने जा अशी खूण केली. त्यांनी नागोरावला शिक्षा केली नाही, पण टाकीनंतरच्या कामाला टोळीचा मुकादम म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव लागलं, आणि नागोरावने त्याबद्दल कोणाला काही विचारलं नाही.

टाकी खंडेरावच्या जागी आलेल्या दोघांपैकी एकानेच उतरवली. ती दोनदा भिंतीला घासली, एका बाजूचा रंग पार खरवडून निघाला, आणि कामाला सगळा दिवस गेला. खाली उन्हात उभा असलेला नागोराव तोंडात शिट्टी धरून होता. वरच्या माणसाचे हात थांबले, की शिट्टी न फुंकता तोही थांबायचा. त्या दिवशी त्याने कोणालाही टाकीखाली उभं राहू दिलं नाही.